बोसूवर उभं राहणं वेगळं, किक मारताना उभं राहणं वेगळं : प्रकल्प नोंदी

४ मार्च

प्रकल्पाचा विषय एकदाचा ठरला. कोचिंगच्या कोर्सला काहीतरी सबमिट करायचंच होतं, मी दोन आठवडे नुसती विषय शोधत बसले होते आणि विषय रोज आमच्याच मॅटवर धडपडत होता. सरांनी गेल्या स्पर्धेचे व्हिडिओ हातात ठेवले, म्हणाले, किक किती लागल्या ते सोड, पोरं खाली किती वेळा बसली तेवढं मोज. मोजलं. अकरा बाउट (म्हणजे लढती), चौदा वेळा पडापडी. तायक्वांदोत पडलं की गाम-जम, म्हणजे समोरच्याला फुकटचा एक पॉइंट. आणि खरी लाज वाटायची गोष्ट अशी की चौदातल्या नऊ वेळा समोरच्याने काही केलेलंच नाही, आपल्याच किकच्या झोक्यात आपणच आडवे.

हिशोब केला तर यात नवल काही नाही म्हणा. मांडीपासून पावलापर्यंत अख्खा पाय म्हणजे अंगाच्या वजनाच्या साधारण १६ टक्के. ६० किलोच्या पोराचा पाय साडेनऊ किलोच्या वर भरतो, तो पाय तो डोक्याच्या उंचीला भिरकावतो आणि हे सगळं दुसऱ्या पायाच्या चवड्यावर, टाच उचलून, गिरकी घेत. पडत नाहीत तेच नवल.

विषय: हलत्या पृष्ठभागावर वजनाचे व्यायाम केले तर तोल सुधारतो का. म्हणजे बोसू (हवा भरलेला अर्धा रबरी घुमट, एक बाजू सपाट), वॉबल बोर्ड, हवेची डिस्क, फोम वगैरे. आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, प्रॅक्टिसच्या आधी पंचवीस मिनिटं.

७ मार्च

दहा पोरं मिळाली, वय १५ ते १९. नावं लिहीत नाही, क्लासमधली टोपणनावंच वापरते. चिठ्ठ्या टाकून पाच-पाचचे दोन गट पाडले. 'हलता गट' बोसू-डिस्कवर, 'जमीन गट' तेच व्यायाम मॅटवर, पण जास्त वजनाने. स्क्वॉट (बैठक), स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक), एका पायावरचा डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं), पोटऱ्या आणि एका पायावर उभं राहून छातीसमोर बँड ताणून धरणं. दोन्हीकडे सेट सारखेच.

सामान: दोन बोसू (एकाचा व्हॉल्व्ह गळतो), तीन डिस्क, दोन जाड फोम पॅड आणि सरांनी स्वतः बनवलेला लाकडी वॉबल बोर्ड, गोल फळीखाली अर्धा गोळा ठोकलेला. सर म्हणतात हाच सगळ्यात चांगला. त्यांचंही खरंय, बोसू १९९९ मध्ये डेव्हिड वेक नावाच्या माणसाने काढला पण फळीवर तोल सांभाळायला लावणं त्याच्या किती तरी आधीचं आहे. १९६५ मध्ये फ्रीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घोटा मुरगळलेल्यांबद्दल लिहिलं होतं की लिगामेंट भरून आलं तरी घोटा 'दगा देतो' कारण तिथून मेंदूला जाणारी खबर बिघडलेली असते, आणि त्यावर अशाच डुगडुगत्या फळ्यांचा सराव दिला होता. म्हणजे ही सगळी खेळणी मुळात दुखापतीनंतरच्या उपचारातली, जिममध्ये ती नंतर आली. हे डोक्यात ठेवायला हवं.

९ मार्च

टेस्टचा दिवस. सगळा दिवस वाया गेला असं म्हणणार होते पण चुका कळल्या ते बरंच झालं.

तीन टेस्ट ठरवल्यात. पहिली वाय बॅलन्स. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर जेवढं लांब पोचता येईल तेवढं पोचायचं. मॅटवर चिकटपट्टीने वाय आखला, पट्टीवर सेंटिमीटर लिहिले. तिन्ही अंतरांची बेरीज, भागिले पायाच्या लांबीची तिप्पट, गुणिले १००. पायाची लांबी झोपवून मोजायची, कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत. मी शहाणीने पहिल्या चौघांची उभं करून मोजली. परत झोपवलं, परत मोजली.

दुसरी चूक जास्त मोठी. पोरांना सरावाशिवाय थेट टेस्टला उभं केलं, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेला प्रत्येकाचा आकडा आपोआप वाढतच चालला. हे तोल सुधारणं नव्हे, टेस्ट कळणं आहे. आधी सहा खेपा सरावाच्या द्यायच्या असतात, मी ते वाचलं होतं आणि घाईत गाळलं. आजचे सगळे आकडे रद्द, परवा परत.

दुसरी टेस्ट साधी, एका पायावर, हात कमरेवर, डोळे मिटून किती सेकंद.

तिसरी आमची घरगुती. मॅटवर चिकटपट्टीची फुली मारायची, उभा पाय फुलीवर, पॅडवर सलग पाच राउंड किक (बाजूने फिरवून मारायची किक) मारायच्या, किकचा पाय मधे खाली टेकायचा नाही आणि पाचवीनंतर गुडघा वर तसाच धरून तीन सेकंद थांबायचं. मग उभा पाय फुलीपासून किती सरकला ते मोजायचं. पाय टेकला तर फेल. पोरांनी लगेच नाव ठेवलं 'फुली'.

११ मार्च

परत मापं झाली. दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या.

चिऊ (१६ वर्षं, डावा घोटा दोनदा मुरगळलेला) वाय टेस्टमध्ये पुढच्या दिशेला उजव्या पायावर उभी राहून जेवढी पोचते त्यापेक्षा डाव्यावर उभी राहून ६ सेंटिमीटर कमी पोचते. २००६ चा शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवरचा अभ्यास आहे, त्यात पुढच्या दिशेला दोन पायांत ४ सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्यांना पायाची दुखापत व्हायची शक्यता अडीच पट निघाली होती. बास्केटबॉल वेगळं, पोरं वेगळी, आकडा जसाच्या तसा चिऊला लावणार नाही. पण ६ म्हणजे ६. तिला विचारलं तर म्हणाली, "ताई, डाव्या पायावर मला भरवसाच नाही." पासष्ट वर्षांची आजी गुडघ्याबद्दल जसं बोलेल तसं सोळा वर्षांची पोरगी बोलते.

दुसरं, डोळे मिटले की सगळेच कोलमडतात. डोळे उघडे असताना मिनिटभर आरामात उभा राहणारा उंच्या डोळे मिटल्यावर नवव्या सेकंदाला गेला. तोल तीन ठिकाणच्या खबरीवर चालतो, डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांमधून येणारी जाणीव, जिला शेरिंग्टन या शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं. आमची पोरं पहिल्या खबऱ्यावरच सगळा कारभार चालवतात.

१४ मार्च

पहिलं सेशन. हलत्या गटात नुसता दंगा. बोसूवर चढायला रांग, जमीन गटाची तोंडं पडलेली, "ताई, आम्हाला का नाही." चिठ्ठीत आलं नाही म्हणून, बाबांनो.

एक चित्र डोक्यात बसलंय. चिऊ अनवाणी डाव्या पायावर फोमवर उभी आणि मी मॅटवर पालथी पडून तिचा पाय बघतेय. घोट्यापुढच्या दोऱ्या सतत फडफडतायत, एक ताणली की दुसरी सैल, पायाची बोटं फोममध्ये रुतलेली, अंगठा पांढरा पडलेला. वरून बघितलं तर पोरगी अगदी स्थिर. खाली नुसती धावपळ.

उंच्याने बोसू उलटा केला, सपाट बाजू वर, आणि माझं लक्ष जायच्या आत त्यावर उडी मारली. बोसू एकीकडे, उंच्या दुसरीकडे, कोपर सोललं. नियम लिहून भिंतीवर लावला: घुमट वर, सपाट बाजू खाली, उडी मारून चढायचं नाही, आणि बोसूवर उभं राहून डोक्यावर वजन न्यायचं नाही. शेवटचा नियम माझ्याच भीतीपोटी.

१८ मार्च

पैलवान (८१ किलो, स्वभावाने गाय) मॅटवर २४ किलोची केटलबेल (कडी असलेलं गोळ्यासारखं वजन) छातीशी धरून आठ स्क्वॉट मारतो, गप्पा मारत मारत. तो हलत्या गटात आहे. बोसूवर २४ दिली तर अर्ध्यातच थरथरायला लागला, १६ वर आणलं, तरी नाही, शेवटी ८ वर जमलं. आठ किलो! घाम तेवढाच, चेहरा तेवढाच लाल, म्हणतो मांड्या पेटल्यात.

म्हणून रात्री परत वाचायला बसले. डेव्हिड बेम आणि सहकाऱ्यांचं २००२ चं काम आहे, बॉलवर बसून गुडघा सरळ करायचा जोर स्थिर बसून लावलेल्या जोरापेक्षा ७०.५ टक्के कमी भरला, घोट्याने खाली दाबायचा जोर २०.२ टक्के कमी. २००४ मध्ये बॉलवर झोपून छातीने ढकलायचा जोर जवळजवळ ६० टक्क्यांनी कमी. पण गंमत पुढे आहे, त्या २००४ च्या कामात स्नायूंची विजेची हालचाल मोजली तर दोन्हीकडे जवळपास तेवढीच. म्हणजे स्नायू राबतात तेवढेच, फक्त ढकलायला नाही, सांधा धरून ठेवायला. पैलवानाच्या मांड्या खोटं बोलत नव्हत्या.

मग याचा अर्थ काय? कमी वजनात जास्त राखण, हे दुखावलेल्या सांध्याला सोन्यासारखं आहे. पण ज्याला किकचा जोर वाढवायचाय त्याला ८ किलोने काय होणार. हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडायला नको होता.

२१ मार्च

जमीन गट कंटाळलाय पण वजनं चढतायत. बाकी विशेष नाही.

२५ मार्च

आज हाताकडे लक्ष गेलं. बोसूवर सगळे तोल सावरतात तो हात पंख्यासारखे फिरवून आणि कमरेत मोडून. याला नावंसुद्धा आहेत, होराक आणि नॅशनर यांनी १९८६ मध्ये मांडलेली. धक्का छोटा असला की माणूस घोट्यातून सावरतो, मोठा असला किंवा पायाखालची जागा अरुंद असली की कमरेतून, आणि तेही पुरलं नाही की पाऊल टाकतो. बोसूवर आमची पोरं घोट्याचा टप्पा गाळून सरळ कमरेवर जातात. पण बाउटमध्ये कमरेत वाकला तर डोकं पुढे येतं, आणि डोक्याला साधी किक लागली तरी तीन पॉइंट. हात फिरवले तर गार्ड गेला.

म्हणून फर्मान काढलं, बोसूवर सुद्धा गार्ड वर, मुठी गालापाशी. एका क्षणात सगळ्यांचे सेकंद अर्ध्यावर आले. बंटी, जो स्वतःला बोसूचा बादशाह म्हणवून घेतो, तो ४० सेकंदांवरून १७ वर. चिडला. "ताई, असं कोण उभं राहतं?" म्हटलं, तू राहतोस, बाउटमध्ये, तीन राउंड.

१ एप्रिल

उंच्या परीक्षेमुळे आठ दिवस नाही. गळका बोसू सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला, दोन दिवस टिकला. हवा कमी असलेला बोसू जास्त अवघड असतो असं पोरांचं म्हणणं, मला वाटतं नुसता चिखलात उभं राहिल्यासारखा असतो, झुकतच नाही, बसतो. दर सेशनआधी हवा बघणं आलं, नाहीतर या आठवड्याचे सेकंद आणि मागच्या आठवड्याचे सेकंद यांची तुलनाच होणार नाही. हे मला चौथ्या आठवड्यात सुचतंय.

८ एप्रिल

मधली मापं. हलत्या गटाचं बोसूवर उभं राहणं दुपटीच्या वर गेलंय, बंटी गार्ड वर धरून ५५ सेकंद. डोळे मिटून मॅटवर थोडी सुधारणा, चिऊची चांगलीच, वायमध्ये तिचा फरक ६ वरून साडेतीनवर आलाय. इथपर्यंत आनंद.

मग फुली. हलत्या गटात पाचातल्या चौघांचा पाय जेवढा आधी सरकत होता जवळपास तेवढाच सरकतोय. बंटी तर तिसऱ्या किकलाच टेकला. त्याचा चेहरा बघवेना. जमीन गटात तिघांचा पाय कमी सरकतोय, फार नाही, दोन-तीन सेंटिमीटर, पण कमी.

मी काहीतरी चुकीचं मोजतेय असं वाटून परत घेतलं. तेच.

संध्याकाळी सरांना फोन. ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "तू त्यांना बोसूवर उभं राहायला शिकवलंस. ते शिकले. आता तक्रार कशाबद्दल आहे?"

९ एप्रिल

सरांचं बोलणं टोचलं म्हणून वाचत बसले, तर हे माहीत असलेलंच निघालं. क्युमेल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये निरोगी लोकांवरचे तोलाच्या सरावाचे अभ्यास एकत्र केले होते. ज्या प्रकारचा सराव केला त्यात चांगली सुधारणा आणि ज्याचा केला नाही त्यात जवळजवळ काही नाही. तोल हा एक गुण नाहीच मुळी, की एका ठिकाणी कमावला आणि दुसरीकडे खर्च केला. सायकलवरचा तोल वेगळा, दोरीवरचा वेगळा. आणि वजनाच्या बाबतीत क्रेसी आणि मंडळींचं २००७ चं काम आहे, कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूंवर दहा आठवडे. काही व्यायाम हवेच्या डिस्कवर करणाऱ्यांची उडीची ताकद वाढली नाही, जमिनीवर करणाऱ्यांची वाढली, धावणं दोघांचं सुधारलं पण लांबच्या स्प्रिंटमध्ये जमिनीवाल्यांचं जास्त. ते आधीच खेळाडू होते, घोटा मोडलेले पेशंट नव्हते. आमची पोरंही तशीच, चिऊ सोडून.

१० एप्रिल

फोनवर स्लो मोशनमध्ये बंटीची किक बघितली, शंभरदा तरी. आणि मग बोसूवरचा त्याचा पाय बघितला. काय मूर्ख आहे मी.

किकमध्ये उभा पाय काय करतो? टाच उचलली जाते, चवड्यावर फिरतो, टाच समोरच्याकडे वळते, मग तसाच परत येतो. मॅट गप्प, पाय फिरतोय. बोसूवर काय होतं? पाय रबराला चिकटून गप्प, खालची जमीन हलतेय. बरोबर उलटं. आणि तोल बिघडवणारी गोष्ट बाउटमध्ये खालून येतच नाही, ती वरून येते, आपलाच फेकलेला पाय, नाहीतर समोरच्याचा कट (पाय उचलून दिलेला अडथळा), नाहीतर दोघं चिकटल्यावरचा ढकला. महिनाभर मी पोरांना भूकंपाची तयारी करून दिली.

बरं मग बोसूवरच किक मारायला लावायच्या का? एकदा मनात आलं आणि लगेच काढून टाकलं. रबर पाय धरून ठेवतं, वरचं अंग फिरतं, मधे गुडघा पिळला जातो. हे कुणीही करू नका.

१२ एप्रिल

माझा एक मित्र ज्युदोवाला आहे, आज मुद्दाम बोलावलं. त्याने बोसू बघितला, पायाने टोकरला, म्हणाला हा तुला कधी फसवतो का? म्हटलं म्हणजे? म्हणे, हा कुठे झुकणार ते तुझ्या वजनावर ठरतं, याला स्वतःची अक्कल नाही. आमच्याकडे तोल जात नसतो, कुणीतरी घेतं. ज्युदोत याला कुझुशी म्हणतात, फेकण्याआधी समोरच्याचा तोल मोडणं, ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा काढली तेव्हापासूनच्या शिकवणीचा हा गाभा. त्याने पोरांना समोरासमोर एका पायावर उभं केलं, तळवे तळव्यांना लावले आणि ढकलाढकलीचा खेळ लावला. खरी मजा ढकलण्यात नाही, समोरचा जोर लावतो तेव्हा हात काढून घेण्यात आहे. बंटी, ५५ सेकंदांचा बादशाह, चिऊसमोर सहा वेळा हरला.

आमच्या डोळे मिटायच्या टेस्टवरून आठवलं, २००२ मध्ये पेरँ आणि सहकाऱ्यांनी ज्युदो खेळाडू आणि बॅले नर्तक यांचा तोल ताडून बघितला होता. डोळे उघडे असताना दोघंही सामान्य लोकांपेक्षा सरस, डोळे मिटले की नर्तकांची आघाडी गेली, ज्युदोवाल्यांची टिकली. ज्याचा तोल रोज कुणीतरी हाताने ओढून मोडतं त्याला पायातल्या खबरीवर विसंबायला शिकावंच लागतं.

१४ एप्रिल

प्रकल्पाची रचना मोडायची ठरवली. कोर्सच्या दृष्टीने हे पाप आहे, मधेच दोन्ही गटांना नवीन सराव दिला की कशामुळे काय झालं ते सांगता येणार नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहीन. पण पुढच्या स्पर्धेला पोरं उभी राहणार आहेत, माझा अहवाल नाही.

आता सगळ्यांना एकच:

बोसू, फोम फक्त वॉर्मअपला पाच मिनिटं, गार्ड वर, डोकं डावीकडे-उजवीकडे वळवत. चिऊला दहा मिनिटं, तिला फायदा दिसतोय.

मग वजन, जमिनीवर, जड. स्प्लिट स्क्वॉट आणि एका पायावरचा डेडलिफ्ट, केटलबेल विरुद्ध हातात, म्हणजे अंग एका बाजूला फिरायला बघतं आणि खुब्याने ते धरून ठेवायचं.

मग धक्का. कमरेला रबर बँड, जोडीदार बाजूने ताणून धरतो, खेळाडू गुडघा वर घेऊन किकच्या तयारीत थांबतो, आणि जोडीदार न सांगता बँड सैल सोडतो. सैल सोडणं हेच औषध. ओढ असताना सगळे टिकतात, ओढ गेली की उलट्या बाजूला जातात.

शेवटी घोट्याला हलका बँड बांधून संथ किक, तीन मोजत बाहेर, तीन मोजत आत, उभा पाय चवड्यावर फिरवत.

१९ एप्रिल

बँड सोडल्यावर पहिल्या दिवशी दहापैकी आठ जण उलटे गेले. पैलवान सगळ्यात आधी शिकला. त्याला विचारलं काय करतोस, तर म्हणे मी आधीच थोडा तयार राहतो, पोट घट्ट, पण बँडला टेकत नाही. हे "बँडला टेकत नाही" मला फार आवडलं. घोटा एकदा वळायला लागला की रिफ्लेक्स येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून स्नायू आधीपासून थोडे जागे असावे लागतात, पुस्तकात हेच दीड पानात लिहिलंय. पैलवानाने एका ओळीत संपवलं.

२४ एप्रिल

वाद. सर म्हणतात तोलाचा सराव दमल्यावर घ्या, बाउटमध्ये पोरं तिसऱ्या राउंडलाच पडतात. मी म्हणते नवीन गोष्ट ताज्या पायांनी शिकायची. दोघांचं बरोबर असावं बहुतेक. आज दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड खेळवून लगेच फुली घेतली, तर ताज्या असताना पास झालेल्या सहांपैकी चार जण फेल. पोटऱ्या गेलेल्या असतात, टाच उचललीच जात नाही, पाय सपाट राहतो आणि अंग फिरलं की पायच ओढला जातो. ठरलं, शिकायचं आधी, आठवड्यातून एकदा तपासायचं नंतर. आणि पोटऱ्यांचे सेट वाढवले, एका पायावर, टाच पूर्ण वर, वर दोन सेकंद थांबून. कंटाळवाणा प्रकार आहे, पण माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात सगळ्यात कमी लेखलेला व्यायाम हाच.

२७ एप्रिल

चिऊचा डावा घोटा किंचित सुजला. प्रॅक्टिसमध्ये नाही, जिना उतरताना. दोन दिवस धक्के बंद, फिजिओंना दाखवलं, चालेल म्हणाले. माझी झोप गेली ती गेलीच.

३ मे

शेवटची मापं.

फुलीवर दहापैकी आठ पास, सुरुवातीला तीन होते. पायाचं सरकणं सगळ्यांचं कमी झालं, दोन्ही गटांत, आणि बहुतेक उतार १४ एप्रिलनंतरचा आहे. राउंडनंतरच्या दमलेल्या फुलीवर मात्र पाचच पास. चिऊच्या दोन पायांतला फरक २ सेंटिमीटर. बंटी बोसूवर ५५ वरून ४१ सेकंदांवर घसरला, त्याचं त्याला फार दुःख, फुलीवर पास झाल्याचा आनंद त्यात बुडाला.

आता याचा अर्थ लावताना जपून. दहा पोरं, वाढीची वयं, रोजची प्रॅक्टिस चालूच, गट मधेच एक केलेले, आणि मोजणारी मीच, म्हणजे मला काय दिसायला हवंय ते मला माहीतच होतं. शिवाय फुली ही टेस्ट मीच बनवलेली आणि दुसऱ्या टप्प्यातला सराव तिच्याशी जवळचा. महिनाभर बोसू शिकवून बोसूवर पास करणं आणि तीन आठवडे फुलीसारखं काही शिकवून फुलीवर पास करणं यात तत्त्वतः फरक काय, असं कोर्सच्या मॅडम विचारणारच. उत्तर एकच आहे, फुली किकसारखी दिसते, बोसू दिसत नाही. ते पुरेसं आहे का, हे बाउटमध्येच कळेल.

६ मे

क्लासमधल्या क्लासमध्ये सराव बाउट, खरे नियम, गाम-जमसकट. सर रेफरी. आठ बाउट, पाच वेळा पडणं. मार्चचे व्हिडिओ खऱ्या स्पर्धेचे होते, आज समोर ओळखीचा माणूस होता, म्हणून शेजारी शेजारी मांडत नाही. पण पाचातली आपल्याच किकच्या झोक्याने पडलेली एकच होती आणि ती बंटीची. उठताना माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, बोसूवर असतो तर पडलो नसतो."

चिऊला एकदा गुडघा वर असताना पैलवानाचा कट बसला. डाव्या पायावर होती. तीन उड्या मारत मागे गेली, गार्ड वर, बाहेरच्या रेषेच्या वीतभर अलीकडे थांबली. मग तिने खाली पायाकडे बघितलं. समोर पैलवान असताना खाली बघितलं म्हणून सरांनी नंतर तिला झापलं ते वेगळं.

अहवाल या आठवड्यात लिहायला घेते. चार आठवड्यांनी परत एकदा फुली घ्यायचीय, सराव थांबवल्यावर किती टिकतंय ते बघायला. बोसूचा व्हॉल्व्ह परत गळतोय.